नवीन पास झालेल्या नर्सने पहिल्या पगाराची अपेक्षा किती ठेवावी? दोन ऑफर आहेत, गोंधळ झालाय

चिमणपाखरू:
नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. नर्सिंगचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, पास झाले, आणि दोन हॉस्पिटलांची ऑफर लेटर हातात आहेत. आकडे मुद्दाम लिहीत नाहीये, इथले लोक जगभर विखुरलेत, एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याला काहीच सांगणार नाही, मला हिशेब कसा मांडायचा ते समजून घ्यायचंय. पहिल्या हॉस्पिटलचा पगार दुसऱ्यापेक्षा पंधरा टक्के जास्त आहे. घरचे म्हणतात जास्त देतात तिकडे जा, विचार कसला करतेस. पण माझी एक सीनियर त्याच पहिल्या ठिकाणी होती, ती सात महिन्यांत सोडून आली आणि फोनवर एवढंच म्हणाली की नुसता आकडा बघू नकोस, मग तिची ड्युटी सुरू झाली आणि बोलणं अर्धवटच राहिलं.
अजून एक. इंटरव्ह्यूत विचारलं "तुमची अपेक्षा किती?" तर माझ्या तोंडून निघालं "तुम्ही द्याल ते". तेव्हापासून तेच मनात घोळतंय. एवढी वर्षं अभ्यास केला, वॉर्डात पोस्टिंग केली आणि स्वतःच्या कामाची किंमत सांगता आली नाही मला.

निशाचर:
अभिनंदन गं! आणि त्या उत्तराचं मनाला लावून घेऊ नकोस, आमच्या बॅचमधल्या निम्म्याजणींनी तेच उत्तर दिलं होतं. मी बावीस वर्षं फ्लोअरवर आहे, त्यातली बरीचशी रात्रीची, त्यामुळे मी आधी तासांचंच विचारणार. दोन्हीकडे आठवड्याचे तास किती? शिफ्ट आठ तासांची का बारा? ओव्हर द्यायचा-घ्यायचा वेळ, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या नर्सला पेशंटची माहिती सोपवायचा वेळ, ड्युटीत धरतात की नाही? हे शेवटचं कोणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. कागदावर ड्युटी सातला सुरू, पण तू पावणेसातला हजर पाहिजेस, आणि संपायच्या वेळी पुढची येईपर्यंत, बेड टू बेड ओव्हर होईपर्यंत, ड्रगची मोजणी जुळेपर्यंत, नोट्स पुऱ्या होईपर्यंत आणखी पाव तास. झाला रोजचा अर्धा तास. महिन्याला वीस ड्युट्या धर, दहा तास झाले, वर्षाचे एकशेवीस. म्हणजे आठ तासांच्या पंधरा ड्युट्या तू फुकट केल्यास. बावीस वर्षांत माझ्या अशा किती झाल्या हे मी एकदा कागदावर मांडलं होतं आणि तो कागद फाडून टाकला.

हिशेबी:
निशाचरताईंना +१. मी नर्स नाही, हॉस्पिटलच्या पगार विभागात काम करतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. ऑफर लेटरवरचा मोठा आकडा हा बहुतेक वेळा सगळं मिळून केलेला असतो, त्यात तुमच्या हातात कधीच न येणाऱ्या गोष्टीही असतात, विम्याचा हप्ता, मालकाचा फंडातला हिस्सा, कधी कधी तर वर्षाखेरचा बोनस धरून बाराने भागलेला असतो. तेव्हा तीन आकडे वेगवेगळे मागा: बेसिक किती, कपातीनंतर हातात किती, आणि एकही नाईट न करता हातात किती. तिसरा आकडा ऐकून समोरचा जरा थबकेल पण मागाच, कारण बरीच हॉस्पिटलं महिन्याला अमुक नाईट होतीलच असं धरून आकडा फुगवून सांगतात आणि तुम्ही आजारी पडलात किंवा रोस्टर बदललं की तो खाली येतो. नाईट अलाउन्स बेसिकच्या टक्क्यात आहे की ठरलेली रक्कम हेही बघा, टक्क्यात असेल तर पगारासोबत वाढतो, ठरलेली रक्कम वर्षानुवर्षं तिथेच राहते, मी पाहिलंय.
आणि तासाचा दर सारखा असला तरी फसगत होते बरं का. बारा तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे आठवड्याला ३६ तास, वर्षाचे १८७२. आठ तासांच्या पाच म्हणजे ४०, वर्षाचे २०८०. दर तोच, पण वर्षाच्या पैशांत दहा टक्क्यांचा फरक. वाईट काहीच नाही त्यात, काहींना चार दिवस सुट्टी जास्त मोलाची वाटते, पण आधी माहीत असावं.

आजोळ:
मी निवृत्त मेट्रन, म्हणजे हॉस्पिटलातल्या नर्सेसची प्रमुख होते. सगळं वाचलं. जरा वेगळं बोलते, राग मानू नका. पहिलं वर्ष हे शिकायचं वर्ष असतं. कॉलेजातून आलेल्या मुलीला आपण लगेच बारा बेड देऊ शकत नाही, तिच्यामागे एक अनुभवी सिस्टर गुंतते, म्हणजे हॉस्पिटलचाही खर्च होत असतोच. आमच्या वेळी पहिल्या पगाराचं कोणी विचारलंही नाही, मिळेल ते घेतलं आणि हात तयार झाला तसा मान मिळाला, पैसाही मागून आला. सुरुवातीलाच घासाघीस करणारी मुलगी टिकत नाही असा माझा अनुभव आहे.

अबोली_:
आजोळकाकू, तुमच्या वयाचा आणि कामाचा आदर ठेवूनच लिहितेय, पण हे वाक्य मी जॉइन झाले तेव्हा मलाही ऐकवलं होतं. "शिकायचं वर्ष आहे". पगार कमी दिला तो शिकायचं वर्ष म्हणून. सहा आठवडे ओरिएंटेशन देऊ, म्हणजे अनुभवी सिस्टरच्या हाताखाली कामाची ओळख करून देऊ म्हणाले होते, नवव्या दिवशी एक सिस्टर रजेवर गेली आणि दहाव्या दिवसापासून मी एकटी, नाईटला, अकरा पेशंट. तेव्हा मात्र कोणी म्हणालं नाही की ही शिकतेय.
त्यातली एक रात्र सांगते. साडेतीन वाजता एका आजींना ब्लड लावलं. ब्लड लावलं की पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही हे आपल्याला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं असतं, गंभीर रिॲक्शन आली तर बहुतेकदा सुरुवातीलाच दिसते म्हणून. मी थर्मामीटर घेऊन उभी. पाचव्या मिनिटाला समोरच्या खोलीतली बेल. सातव्या मिनिटाला इन्फ्युजन पंपाचा (सलाइन-औषध ठरल्या वेगाने सोडणारं यंत्र) अलार्म, कुठल्या बेडचा तेही कळेना. एक पेशंट कॅथेटर (लघवीची नळी) ओढत उठून बसलेले, नातेवाईक दारात येऊन "सिस्टर, सिस्टर". मी त्या आजींचा हात धरून उभी राहिले आणि बाकीच्यांना "आले, आले" म्हणत राहिले, माझ्या पायाला अक्षरशः कापरं भरलं होतं. पंधरा मिनिटं झाली, आजी ठीक होत्या, मग धावले. सकाळी इन्चार्जनी विचारलं बेलला उत्तर द्यायला एवढा वेळ का लागला. त्या रात्रीचा पगार शिकाऊ नर्सचा होता आणि जबाबदारी पूर्ण नर्सची.
म्हणून चिमणपाखरू, तुला माझं सांगणं हेच की पगाराच्या शेजारी दोन प्रश्न लिहून ठेव: एका नर्सकडे दिवसा किती आणि रात्री किती पेशंट, आणि ओरिएंटेशन किती आठवडे, त्या काळात मला मोजणीत धरणार का नाही. मोजणीत न धरता, म्हणजे जास्तीची म्हणून वॉर्डात ठेवलं तरच ते खरं ओरिएंटेशन.

मृद्गंध:
अबोली, वाचून अंगावर काटा आला. पेशंटच्या संख्येबद्दल थोडी भर घालते, मी नर्सिंग शिकवते. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला अभ्यास आमच्याकडे दरवर्षी शिकवला जातो, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांवर केलेला. सर्जिकल पेशंट्समध्ये नर्समागे एक पेशंट वाढला की दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्सच्या थकून जाण्याची २३ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियात नर्समागे जास्तीत जास्त किती पेशंट याचा नियमच आहे, आयसीयूत एका नर्सला दोनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी असा नियम नाही, म्हणून तो प्रश्न उमेदवारालाच विचारावा लागतो. मी मुलींना सांगते की पगाराला पेशंटच्या संख्येने भागून बघा. पाचऐवजी आठ पेशंट बघायला लावून पंधरा टक्के जास्त देत असतील तर ती वाढ नाहीच.

एका_लेकीचा_बाबा:
माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी लागली. आम्हाला पगार चांगला वाटला, सही करून टाकली. आत तिसऱ्या पानावर बॉन्ड होता, दोन वर्षांच्या आत सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरायचा, आणि तो खर्च तिच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा. शिवाय मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली. दीड वर्षाने दुसरीकडे चांगली संधी आली तेव्हा प्रमाणपत्रं परत मिळवायला आठ हेलपाटे घातले मी. पोरीने रडून रडून डोळे सुजवले होते. ऑफर लेटर नाही, पूर्ण करारपत्र मागा, घरी आणा, झोपून उठून परत वाचा, मग सही. आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका, दाखवा, झेरॉक्स द्या, परत पिशवीत टाका.

हिशेबी:
बाबा, अगदी बरोबर. बॉन्ड असेलच तर एक गोष्ट मागता येते, रक्कम महिन्यागणिक कमी होत जायला हवी. चोवीस महिन्यांचा बॉन्ड आणि अठरा महिने काम केलं तर पाव रक्कमच उरायला हवी. आणि "ट्रेनिंग" म्हणजे नेमकं काय दिलं हे लिहून मागायचं, फायर ड्रिल आणि हात धुण्याचं प्रात्यक्षिक म्हणजे पाच महिन्यांचा पगार होत नाही. जॉइनिंग बोनसचंही तसंच, लवकर सोडलं तर परत घेतात, तेव्हा तो खर्चून बसू नये.

चिमणपाखरू:
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार, अबोलीताई तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहूच शकले नाही. दोन्ही कागद परत वाचले. पहिल्या ठिकाणी बारा तासांच्या चार शिफ्ट आहेत आठवड्याला. दुसऱ्या ठिकाणी आठ तासांच्या पाच. पहिल्या कागदावर "रजिस्ट्रेशन येईपर्यंत ट्रेनी वेतन लागू" असंही एक वाक्य आहे बारीक अक्षरात, ते वेतन किती ते कुठेच नाही.

हिशेबी:
मग झालंच की. दुसऱ्या हॉस्पिटलचा पगार शंभर धरू, पहिल्याचा एकशे पंधरा. पहिल्याचे तास ४८, दुसऱ्याचे ४०. तास वीस टक्के जास्त आणि पैसे पंधरा टक्के जास्त! आठवड्याच्या हिशेबाने ११५ भागिले ४८ म्हणजे २.४०, आणि १०० भागिले ४० म्हणजे २.५०. तासाला दुसरं हॉस्पिटल जास्त देतंय. त्यात ४० च्या वरचे आठ तास ओव्हरटाइम म्हणून दीडपटीने मोजले असते तर पहिल्याने एकशे पंधराच्या जागी एकशे तीस द्यायला हवे होते. आणि ते ट्रेनीचं वाक्य साधं नाही, रजिस्ट्रेशनचा, म्हणजे नर्स म्हणून अधिकृत नोंदणीचा, कागद यायला किती महिने लागतात ते तुमच्या हातात नसतं, तोपर्यंत कमी पगार. आकडा लिहून घ्या, आणि पूर्ण पगार रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून की कागद ऑफिसात पोचल्याच्या तारखेपासून तेही.

पारिजात:
उशिरा आले धाग्यावर. मी परदेशात काम करते, आता सहावं वर्ष. जगात दर सात नर्सेसमागे एक जन्मलेल्या देशाबाहेर काम करतेय, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालातला आकडा आहे, म्हणजे तुझ्या बॅचमधल्याही काहीजणी कधीतरी निघतीलच, म्हणून लिहून ठेवते. एजंट जर तुझ्याकडून नोकरी लावायचे पैसे मागत असेल तर तिथेच थांब. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात तत्त्व स्पष्ट आहे की खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही, अपवाद अगदी मोजके. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, पण चांगल्या हॉस्पिटलांचे एजंट पैसे हॉस्पिटलकडूनच घेतात.
दुसरं, सुरुवातीच्या पगारापेक्षा मला नंतर जास्त टोचलं ते हे की तो वाढतच नव्हता. नवीन मुली मिळेनात म्हणून दरवर्षी सुरुवातीचा पगार वाढवायचे आणि आम्हा जुन्यांचा तेवढाच. चौथ्या वर्षी मी जिला शिकवत होते तिचा आणि माझा पगार जवळपास सारखा. म्हणून इंटरव्ह्यूत विचार, तुमच्याकडे पाच वर्षं झालेल्या स्टाफ नर्सला किती मिळतं? त्या उत्तरावरून सगळं कळतं.

निशाचर:
पारिजात, हे फार महत्त्वाचं लिहिलंस, आमच्याकडेही अस्संच झालं.
नाईटबद्दल एक राहिलं. नाईट अलाउन्स म्हणजे कोणी उपकार करत नाही. रात्रपाळीचं काम माणसात बहुधा कॅन्सरला कारणीभूत ठरतं अशा गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने टाकलंय, आधी २००७ ला आणि पुन्हा तपासून २०१९ ला. घाबरवायला लिहीत नाहीये, रात्री कोणीतरी जागायलाच हवं आणि मी आवडीने जागले. पण लागोपाठ किती नाईट, त्यानंतर किती ऑफ, हे विचारताना मान खाली घालायचं कारण नाही.
आणि सुई टोचली तर? हाही पगाराचाच भाग धरा. हिपॅटायटिस बीच्या लशीचे डोस कोण देणार, टोचल्यावर तपासण्या आणि औषधांचा खर्च कोणाचा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. माझ्या एका मैत्रिणीला पहाटे सुई लागली आणि औषध मिळेपर्यंत दुपार झाली, कारण सही कोणी करायची हेच ठरत नव्हतं. ती दुपार ती अजून विसरलेली नाही.

आजोळ:
दोन दिवस विचार करत होते लिहू की नको. अबोली, तुझी ती पंधरा मिनिटं वाचली. मी मेट्रन असताना ड्युटी लिस्ट मीच लावायचे, आणि रजेवर गेलेल्या सिस्टरच्या जागी नवीन मुलीला उभं मीही केलंय, एकदा नाही, अनेकदा. वरून माणसं मिळत नव्हती, ते खरं, पण त्या मुलींना पगार शिकाऊचाच गेला हेही खरं. ते माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.
घासाघीस करणारी टिकत नाही हे माझं वाक्य मागे घेते. टिकल्या नाहीत त्या का टिकल्या नाहीत हे मी विचारलंच नव्हतं.
एक उपयोगाचं सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्ये खास नर्सेससाठी करार केला, क्रमांक १४९, आणि सोबत १५७ क्रमांकाची शिफारस. त्या शिफारशीत ड्युटी लिस्ट किमान दोन आठवडे आधी कळावी, दोन ड्युट्यांमध्ये सलग बारा तास विश्रांती मिळावी असं स्पष्ट आहे, कामाला लागणारा गणवेशही मालकाने विनामूल्य द्यावा असं आहे. शिफारस बंधनकारक नसते, पण समोरच्याला सांगता येतं की मी जगावेगळं काही मागत नाहीये. मी स्वतः तिची प्रत टेबलाच्या खणात ठेवली होती, बाहेर मात्र फार कमी वेळा काढली.

अबोली_:
काकू, तुम्ही हे लिहिलंत, खरंच डोळ्यांत पाणी आलं. धन्यवाद.

मृद्गंध:
"अपेक्षा किती" या प्रश्नाला काय बोलायचं ते कोणी लिहिलं नाही अजून. मी मुलींकडून हे मोठ्याने म्हणवून घेते: "तुमच्याकडे नवीन नर्सची वेतनश्रेणी काय आहे ते आधी सांगाल का? त्यात मला कुठे धरणार आणि का, ते कळलं की मी माझा आकडा सांगते." बस्स. मग गप्प बसायचं. ती शांतता अवघड जाते, पण आपण भरायची नाही. श्रेणी ठरलेली आहे, काही बदलत नाही असं म्हणाले तर वाद घालू नका, मग ओरिएंटेशनचे आठवडे, पहिल्या पगारवाढीची तारीख, आवडीचा वॉर्ड, हे मागा. आकडा हलत नसला तरी या गोष्टी हलतात. आणि जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून पाठवा, "आज बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून.

चिमणपाखरू:
आज दोन्हीकडे फोन केला. आधी कागदावर प्रश्न लिहिले, आईसमोर दोनदा म्हणून बघितले, तरी आवाज थरथरत होता.
पहिल्या ठिकाणी ट्रेनी वेतनाचा आकडा सांगितला, तो पूर्ण पगाराच्या साठ टक्के आहे. पेशंट किती हे विचारल्यावर म्हणाले "ते वॉर्डवर अवलंबून असतं, जॉइन झाल्यावर कळेल". नाईटचंही तेच. दुसऱ्या ठिकाणी नर्सिंग सुपरिटेंडंट मॅडम स्वतः फोनवर आल्या, दिवसा सहा आणि रात्री आठ म्हणाल्या, आणि स्वतःहून सांगितलं की फ्लूच्या सीझनमध्ये दहापर्यंत जातात, खोटं सांगत नाही. ओरिएंटेशन आठ आठवडे, त्यातले पहिले सहा मोजणीत नाही. हँडओव्हरचा वेळ ड्युटीत धरत नाहीत, हे विचारल्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, मी वर बोलते. श्रेणी ठरलेली आहे, पण पहिली वाढ बाराऐवजी सहा महिन्यांनी देतील, रजिस्ट्रेशन आलं असेल तर. मी लगेच ईमेल केला, "आज बोलल्याप्रमाणे". अजून उत्तर नाही आलेलं. माझे बाबा अजून म्हणतायत पंधरा टक्के सोडतेस. त्यांना हिशेबीदादांचा प्रतिसाद वाचायला दिलाय.

निशाचर:
शाब्बास! उत्तर लेखी येईपर्यंत पहिल्याला नाही म्हणू नकोस, मुदत कधीपर्यंत आहे तेवढं बघ. आणि जॉइन होशील त्या दिवसापासून खिशात छोटी वही ठेव, आत किती वाजता आले, बाहेर किती वाजता पडले, रोज दोन आकडे. मॅडम वर बोलायला गेल्या की त्यांना हेच लागणार आहे.

चिमणपाखरू:
मुदत शुक्रवारपर्यंत आहे. ईमेल आला की इथे कळवते.